चपलेतला विंचू

लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला, आजऱ्याला गेलो, तेव्हा घरात मी चालत शिरलो आणि बाहेर मला उचलून आणलं.

दोष माझ्या करकरत्या कोल्हापुरी चपलेचा. तिच्या तळाच्या थरांत विंचू नावाच्या झाडाची बी घालतात, म्हणून चाल कर्रकर्र वाजते. सासरे, म्हणजे आप्पा, कुणालाच मोजत नाहीत असं ऐकलं होतं. निदान आपण ऐकू तरी जावं, म्हणून मी मुद्दाम ही चप्पल करून घेतली. पंधरा दिवस तिला तेल पाजलं, मोजे चढवून घरात फिरलो. (बायको म्हणाली, “एवढी सेवा माझी केली असती तर!”) चप्पल काही मऊ झाली नाही, टाचा मात्र सोलून निघाल्या!

आजऱ्याच्या अंगणात पाऊल टाकलं आणि कळलं, उजवी वाजतेय, डावी मुकी! परसात जाऊन कारागिराला फोन लावला.

“ओ काका, विंचू घातलाय न्हवं? आन डाव्या टाचंला असलं चावलंय, नुसती आग उठलीया!”

मागं सासूबाई उभ्या होत्या.

“आवो, धावा! पावण्यास्नी विंचू चावला!”

“न्हाय ओ मामी! चप्पल चावलीया!”

“आत्ता गं बया! भरमायला लागलं की जावई!”

आप्पांनी माझी मांडी टॉवेलानं करकचून बांधली. “बोलायचं न्हाय जावईबापू! ईख चढंल!” म्हणत मला खांद्यावर टाकलं. बायकोला सगळं ठाऊक होतं, पण तिनं तोंडाला पदर लावलेला. (शेजाऱ्यांना वाटलं, रडतेय!) सासूबाई पुरावा म्हणून दोन्ही चपला चिमट्यात धरून मागं.

डॉक्टरांनी विचारलं, “विंचू कुठं होता?”

“चपलेत,” मी म्हणालो.

“मारला का?”

“शिवलाय.”

खुलासा झाल्यावर डॉक्टर पोट धरून हसले आणि दोन्ही टाचांना पट्ट्या बांधल्या. आता माझी चप्पल मलाच घालता येईना. सासूबाईंनी दया येऊन आपल्या गुलाबी स्लिपरा दिल्या, स्वतः आप्पांच्या वहाणा घातल्या आणि आप्पांनी माझी चप्पल! त्यांच्या वजनाखाली डावीही बोलायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना बाजारात कुणीतरी ओरडलं, “आप्पा, चप्पल लई भारी की! कुणाची?”

“जावयाची हाय!”

“आन जावई?”

“त्यो काय, मागं. गुलाबी स्लिपरात.”

सगळा बाजार वळला. मी घाईघाईनं एका गाड्यावर वाकलो आणि ओळख नसल्यासारखा कोथिंबीर निवडायला लागलो.