नऊ नंबरच्या खोलीतला दिवा

पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केल्यावर मी यवतमाळच्या एका ठेकेदाराकडे लागले. इमारतींमध्ये वायरलेस दिवे बसवून देणं हे आमचं काम. मला सगळे 'लाइटवाली मॅडम' म्हणायचे. शिडीवर चढून फिटिंग लावणारे दोघे होते. मी मोबाइल घेऊन खाली उभी राहायचे. ॲपमध्ये एखाद्या दिव्याचं नाव निवडलं की छतावरचा तो दिवा लुकलुकायचा, मग त्याला त्याच्या खोलीच्या ग्रुपमध्ये टाकायचं. कोणी खोलीत आलं की दिवा लागावा, आणि हालचाल थांबल्यावर किती मिनिटांनी विझावा, हे मी ठरवायचे.

त्या हिवाळ्यात पांढरकवडा रोडवरच्या एका वृद्धाश्रमाचं काम निघालं. एका दात्याने सगळी व्यवस्था नवी करून द्यायचं कबूल केलं होतं. आम्ही चार दिवस तिथे होतो. जुनी बटणं काढून त्या जागी कोऱ्या प्लेटा बसवल्या, कारण कोणी सप्लाय बंद केला तर सगळी यंत्रणाच आंधळी होते. त्याऐवजी प्रत्येक दाराजवळ एक वायरलेस बटण चिकटवलं.

नऊ नंबरच्या खोलीत अर्धांगाने उजवी बाजू गेलेले एक काकाजी होते. आमचं काम चालू असताना त्यांचा पलंग व्हरांड्यात उन्हात आणून ठेवला होता. ते राळेगावकडचे, वीज खात्यात वायरमन म्हणून निवृत्त झालेले. तोंड वाकडं झालं होतं, शब्द चावल्यासारखे यायचे.

"काय करून राह्यली वं पोरी?"

"लाइट आपोआप लागतील आता, काकाजी."

"आपोआप," ते छताकडे पाहत म्हणाले. "अर्थिंग पाहून घे. जुनी बिल्डिंग आहे."

मी अर्थिंग तपासलं. खरंच सैल होतं. ते नीट केल्याचं सांगायला गेले तेव्हा त्यांनी डावा हात इंचभर उचलला. डाव्या बाजूतही फारसा जोर उरला नव्हता; एवढाच हात त्यांना हलवता येत होता. हे मी पाहिलं होतं, हेच मला आजही सोसत नाही. पाहिलं होतं, आणि तरी त्यांच्या खोलीला इतर खोल्यांचंच सेटिंग दिलं. हालचाल नसेल तर पंधरा मिनिटांनी दिवा बंद. ऑफिसचा ठरलेला नमुना तसाच होता.

उद्घाटनाला दात्याने हॉलमध्ये पाऊल टाकलं, दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही परत आलो.

तीन आठवड्यांनी साहेबांनी मला वीजबचतीचा अहवाल काढायला सांगितला. कोणता दिवा कधी लागला, कधी विझला, याची नोंद ऑफिसात बसूनही दिसते. सगळ्यात जास्त बचत नऊ नंबरच्या खोलीची होती.

"वा! हिचा आलेख पहिल्या पानावर टाक," साहेब म्हणाले.

मलाही बरं वाटलं. आलेख पानावर चिकटवला, डबा खायला बसले. दोन घास खाल्ले असतील आणि समोरची रेघ मला वाचता यायला लागली. दिवस मावळतो. सहाला चहा घेऊन आश्रमातल्या कामाच्या मावशी जातात, दिवा लागतो. सव्वासहाच्या पुढे विझतो. साडेसातला जेवण, दिवा लागतो. मावशी भरवून निघून गेल्या की पुन्हा विझतो. मग सकाळपर्यंत काही नाही. हे रोज.

मी डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारची एस.टी. धरली. पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. नऊ नंबरचं दार उघडं होतं आणि आत काही दिसत नव्हतं. मी उंबरठा ओलांडला आणि दिवा लागला. काकाजींनी डोळे किलकिले केले. ते जागेच होते.

"जेवन आलं का?"

"नाही, काकाजी. मी लाइटवाली."

त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "त्याहिले सांग, मी आता काही म्हनत नाही. भाजीले मीठ नाही म्हनलं होतं म्या. तवापासून लाइट बंद करून राह्यले. पानीबी नाही मांगत मी आता."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी पलंगाच्या कडेला बसले. पाण्याचा तांब्या भरलेला होता, त्यांच्या हाताला न पोचणाऱ्या स्टुलावर.

"कोणी बंद नाही केली, काकाजी. ते मशीन आहे. माणूस हलला नाही की त्याला वाटतं खोलीत कोणी नाही."

"कोनी नाही?"

"हो."

"अन् हे असं कोनं करून ठेवलं?"

"मी."

आयुष्यभर खांबावर चढलेला तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मान भिंतीकडे वळवली. मी मोबाइल काढला आणि सेटिंग बदललं. आता दिवा आपोआप विझणार नव्हता. दाराजवळचं बटण उखडून पलंगाच्या दांडीला, डाव्या हाताजवळ चिकटवलं. त्यांची बोटं धरून एकदा दाबून दाखवलं. त्यांनी हात सोडवून घेतला.

बाहेर मावशी भेटल्या. वाईट बाई नव्हती ती. "आम्हाले वाटलं, काकाजी झोपले असन म्हनून मशीननं बंद केली," ती म्हणाली. "ऑटोमेटिक आहे म्हनलं होतं ना तुमी?"

म्हटलं होतं. अंथरुणाला खिळलेली आणखी दोन माणसं वरच्या मजल्यावर होती. त्यांच्या खोल्यांचंही सेटिंग मी बदललं आणि व्यवस्थापकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, लक्षात आलं." साहेबांनी पहिल्या पानावर दुसऱ्या खोलीचा आलेख टाकला. खाली लिहिलं: किरकोळ दुरुस्ती केली.

त्यानंतर ऑफिसात आल्याआल्या मी नऊ नंबरची रेघ पाहायचे. दिवा कधी विझतच नव्हता. भर दुपारीही चालू. बटण हाताशी होतं, पण त्यांनी एकदाही बंद केला नाही. दोनदा मी भेटायला गेले. दोन्ही वेळा काहीही विचारलं तरी ते "हाव, हाव" एवढंच म्हणाले.

उन्हाळा लागला तेव्हा त्यांना न्यूमोनिया झाला. यवतमाळला नेलं, तिथेच गेले. मला चार दिवसांनी कळलं.

पुढच्या आठवड्यात मी दिव्यांच्या नोंदी ऑफिसला पाठवणारी पेटी, गेटवे, बदलायला तिथे गेले होते. त्यांची पुतणी सामान न्यायला आली होती. एक पिशवी, एक घोंगडी, एक ट्रान्झिस्टर. मावशींनी तिला माझी ओळख करून दिली, "ह्या मॅडम पाहाले येत होत्या काकाजीले."

पुतणीने माझा हात धरला. "तुमी आपल्या वाटता म्हनून विचारते. त्याहिची काही आबाळ त नाही ना झाली इथं? मले येनं नाही झालं हो."

मावशी माझ्याकडे पाहत होत्या.

"नाही," मी म्हणाले. "काही आबाळ नाही झाली."

तिने डोळे पुसले. बस स्टँडपर्यंत आम्ही एकाच ऑटोने गेलो. ती लहानपणीचं सांगत होती, काका तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचे ते. मी ऐकत होते. राळेगावची गाडी उभीच होती. तिने खिडकीतून हात केला, मीही केला.