एका फ्लॉपीत मावेल तेवढंच

देवाने हे जग गरजेपेक्षा जड बनवलं, आणि चूक लक्षात आल्यावर ते हलकं करण्याच्या कामावर आपली एकट्याची नेमणूक केली, अशी तुमच्या आजोबांच्या मावसभावाची ठाम समजूत होती. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. मी त्यांना भावजी म्हणत असे. हैदराबादला एका कचेरीत ते कॉम्प्युटरवर काम करत आणि मुदतीच्या सहा वर्षं आधीच निवृत्ती घेऊन परभणीला येऊन राहिले होते. नोकरीचीसुद्धा शेवटची सहा वर्षं त्यांना जादा वाटली. आल्या आल्या त्यांनी सायकलचं मडगार्ड काढलं, मग कॅरिअर, मग स्टँड, मग घंटी. "घंटी कशाला वैनी? मला तोंड हाय की!" स्टँड नसल्यामुळे ती सायकल आमच्या चुना दिलेल्या भिंतीला टेकून उभी राही आणि ते गेले की मी ओलं फडकं घेऊन हँडलचा डाग पुशी. त्यांच्या टूथब्रशची दांडी अर्धी कापलेली असे. पंचांगातले सरलेले महिने ते फाडून टाकत. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी पोस्टकार्डावर काढली: "मंगळवारी सकाळी लग्न. यावे." लग्न कुठे, ते लिहिलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊकच होतं. मंगळवारी सकाळी चाळीस माणसं पत्ता विचारत आमच्या दारात उभी होती आणि मी पोहे करत होते. यावर भावजींचं म्हणणं एवढंच, "पोचली ना समदी? मग पत्ता फिजूल बोजाच व्हता."

'फिजूल बोजा' हा त्यांचा लाडका शब्द. एकदा आम्ही सगळे चारठाण्याची देवळं पाहायला गेलो. भावजी हात हलवत आले. दिवसभर ते माझ्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी प्याले, माझ्या टॉवेलला तोंड पुसलं, माझ्या डब्यातल्या धपाट्यांपैकी पाच खाल्ले, आणि परतीच्या एसटीत, माझी पिशवी माझ्याच मांडीवर असताना, तिच्या वजनावर मला अर्धा तास समजावून सांगितलं. आता खरं सांगायचं तर मी त्यांच्याबद्दल बोलायला योग्य माणूस नाही. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याला लेबल होतं आणि उरलेली लेबलं ठेवायच्या डब्यालाही 'लेबले' असं लेबल होतं. त्यांना जगातलं सगळं एकाच वस्तूत भागवायचं होतं आणि मला प्रत्येक वस्तूची नक्कल करून तारखेप्रमाणे लावायची होती.

परवा तुम्ही लिहिलंत की आजी, तुझा लॅपटॉप जुना झाला, फेकू नको, त्यावर एखादं हलकं, सोपं लिनक्स घाल. आणि सोबत लिनक्सच्या चार प्रकारांची नावं पाठवलीत. तेव्हा मला भावजींची आठवण झाली. कारण जुन्या यंत्रासाठी हलकी सिस्टीम, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम, निवडण्याचं काम मी आयुष्यात एकदा केलेलं आहे, आणि ते मी ज्या पद्धतीने बिघडवलं तसं तुमच्यापैकी कोणालाही जमणार नाही.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद धुमसत होता, त्यातल्या शेवटच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. मी तेव्हा बोरीच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. रोज परभणीहून एसटीने जायची. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या सासरच्यांचं मुंबईत ऑफिस होतं. त्यांनी नवे कॉम्प्युटर घेतले आणि एक जुना आमच्या शाळेला पाठवला. मुलींनी त्या खोक्याला ओवाळलं. पण संस्थेचे सचिव मला म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्यात मी बघायला येतो. चालू दिसला तर तुमचा. नाहीतर मुलांच्या शाळेला देऊन टाकू, तिथं विज्ञानाचे सर तरी आहेत." माझ्या वर्गात नव्वद मुली होत्या आणि त्यांच्यासाठी कोणी काही पाठवायची ही पहिलीच वेळ होती. मी रागाने त्या यंत्राचं इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. माझं इंग्रजी उत्तम. आठ दिवसांत मी पुस्तकाचा मराठीत सारांश काढला, प्रकरणवार अनुक्रमणिका केली, आणि यंत्र सुरू झालं नाही. मग भावजींना बोलावलं.

भावजींनी हैदराबादच्या ओळखीतून तीन सिस्टीम मिळवून आणल्या. मी लगेच मोठ्या कागदावर तक्ता आखला: गुण, दोष, शेरा. सर्वात मोठी सिस्टीम मला पसंत होती, कारण तिच्या पुस्तकाला चारशे पानं होती. भावजींनी तक्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कागदावर समद्याच चांगल्या असत्यात. तुमच्या मावशीला बोलवा," म्हणाले.

मावशी म्हणजे कौसामावशी, आमच्या शाळेच्या शिपाईबाई. चौथीपर्यंत शिकलेल्या, आकडे पक्के, आणि जीभ त्याहून पक्की.

"न्हाई बाई, मी न्हाई हात लावायची. करंट बसंल."

"बसला तर मला बसंल, मी पाठीशी उभा हाय," भावजी म्हणाले. "मी काई सांगनार न्हाई. तुमाला काय कळतंय ते बघायचंय."

माझ्या लाडक्या मोठ्या सिस्टीमने एकामागून एक तीन फ्लॉप्या गिळल्या आणि मेमरी कमी आहे असं कळवून डोळे मिटले. मावशी म्हणाल्या, "जेवून झोपलं जनू." दुसऱ्या सिस्टीमवर रंगीत चौकटी होत्या, पण त्या उमटायला इतका वेळ लागला की मावशींनी मधल्या वेळात दोन वर्ग झाडले आणि परत येऊन म्हणाल्या, "आजून नटायलीच हाय का?" तिसरी अगदी उघडीबोडकी, एका फ्लॉपीतली. भावजींनी तिच्यातलंही निम्मं फिजूल म्हणून काढून टाकलं, आणि तिच्यावर स्वतः एक यादी करून दिली: एक दाबलं की पत्र लिहायची जागा, दोन दाबलं की पाढ्यांची परीक्षा, तीन दाबलं की बंद करायची सूचना. इंग्रजी अक्षरांतली, पण मराठीच. मावशींनी पदराला बोट पुसून दोन दाबलं. पडद्यावर सात नव्वे किती असं आलं. मावशींनी त्रेसष्ट दाबलं, यंत्राने 'शाब्बास' लिहिलं, आणि ते मी वाचून दाखवल्यावर मावशी लाजल्या.

"मावशी पास, म्हंजे सिस्टीम पास," भावजी म्हणाले.

तुमच्या चार लिनक्सचंही मी असंच केलं, हे आत्ताच सांगून टाकते. सवयीने तक्ता केला, मग तो बाजूला ठेवला, आणि चारही पेनड्राइव्हवरून एकेक चालवून आमच्या पोळ्यावाल्या सुमनला समोर बसवलं. पहिल्या दोन आमच्या लॅपटॉपला झेपल्या नाहीत. तिसरीत सुमनला काहीच सापडेना. चौथी दिसायला साधी आहे, पण सुमनने कोणाला न विचारता स्वतःच्या नातवाचा फोटो उघडून दाखवला. तीच ठेवली. तुम्ही 'मग ही का, आजी?' असं विचारलंत तर माझ्याकडे याहून शास्त्रीय उत्तर नाही.

तर तिसरी सिस्टीम ठरली. मी भीत भीत विचारलं, "भावजी, एक नक्कल करून ठेवायची का?"

"नवरा एक पुरतो ना वैनी? मग फ्लॉपी कशाला दोन?"

सगळ्या शिक्षिका हसल्या. मी आयुष्यभर नकला करून ठेवल्या, नेमकी त्या फ्लॉपीची केली नाही.

आठ दिवसांनी खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी ज्याचं जे हत्यार त्याची पूजा: शेतकऱ्याचा नांगर, शिंप्याची कात्री. शाळेत आम्ही प्रयोगशाळेतला तराजू, शिवणयंत्र आणि घंटा पूजत असू. त्या वर्षी कॉम्प्युटरही. यंत्राला हार घातला, पण मला वाटलं, यंत्र हे नुसतं शरीर. त्याचा प्राण फ्लॉपीत. म्हणून ती पाटावर ठेवली. त्या काळच्या मोठ्या फ्लॉपीच्या काळ्या वेष्टनाला एक लांबट खिडकी असे आणि तिच्यातून आतली तपकिरी तबकडी दिसे, यंत्र वाचतं ते तिच्यावरूनच. इंग्रजी घेऊन एम.ए. झालेल्या मला वाटलं, हेच कपाळ. मी गंधात बोट बुडवलं आणि त्या खिडकीत, अगदी मधोमध, नीट गोल टिळा लावला. वर हळद, कुंकू, दोन अक्षता. मावशी भीमनगरातल्या, पूजेच्या वेळी त्या नेहमी दाराशी हात बांधून उभ्या राहत. त्या दिवशीही होत्या.

दसऱ्यानंतर फ्लॉपी आत घातली तर यंत्रातून जात्यात खडे टाकल्यासारखा आवाज आला. पुढे काही नाही. सचिव शनिवारी येणार होते आणि तो मंगळवार होता.

"तुमी मला म्हनत व्हता हात धुवून ये, मशीन नाजूक हाय," मावशी म्हणाल्या. "मी झाडूच्या हातानं लावलं तर चाललं. तुमी पूजा केली अन् मेलं."

संध्याकाळी मी फ्लॉपी रुमालात गुंडाळून भावजींच्या घरी गेले आणि झालेलं सगळं सांगितलं. आता हा माणूस जन्मभर मला यावरून बोलणार, अशी मनाची तयारी होती. त्यांनी फ्लॉपी उजेडात धरली. नखाने एक अक्षत काढली.

"चूक माजी हाय वैनी," ते म्हणाले. "एकच ठेवली."

एवढंच. त्याच दिवशी त्यांनी हैदराबादची गाडी धरली.

शनिवारी सकाळी, सचिवांची जीप यायच्या तासभर आधी, भावजी बोरीच्या स्टँडवरून चालत आले. खांद्याला पिशवी होती. जुन्या कचेरीत, कालपर्यंत आपल्या हाताखाली असलेल्या मुलासमोर दोन दिवस स्टुलावर बसून त्यांनी सगळं पहिल्यापासून जुळवलं होतं आणि त्याच्या अकरा नकला केल्या होत्या. दवाखान्यातून स्पिरिट मागवून, काडीला कापूस लावून, त्यांनी यंत्राच्या पोटातलं माझं कुंकू पुसलं. चौथ्या खेपेला कापूस पांढरा निघाला.

सचिव आले. भावजींनी मावशींनाच खुर्चीवर बसवलं. मावशींनी दोन दाबलं, पाढे झाले. एक दाबलं, पत्राची जागा आली.

"चालतंय," सचिव म्हणाले, जरा निराशेने. "पण ह्यात चित्रं नाहीत काय?"

"चित्रं बघायची तर टाकीजला जावा साहेब," मावशी म्हणाल्या. "हितं पोरी शिकायल्यात."

यंत्र आमच्याकडे राहिलं.

त्याच दुपारी पहिला तास झाला. दहा-दहा मुली एका कीबोर्डभोवती. भावजी शेवटच्या बाकावर बसले होते. एक लहानखुरी मुलगी स्वतःचं नाव लिहीत होती आणि तिला एक अक्षर सापडत नव्हतं. मी दाखवायला पुढे झाले तर त्यांनी मागूनच म्हटलं, "ऱ्हाऊ द्या वैनी, सापडंल तिला." वर्ग वाट पाहत राहिला. बाहेर स्टँडवर आमची परभणीची गाडी लागली, हॉर्न वाजला. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते त्या मुलीच्या बोटाकडे पाहत होते. गाडी गेली. मग तिला ते अक्षर सापडलं आणि ती सगळ्यांकडे वळून हसली.

"पुन्हा येतो वैनी, सवडीनं," असं ते जाताना म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. त्या मुलीचं नाव मला आज आठवत नाही. ते अक्षर शोधताना तिचं बोट किती वेळ कीबोर्डवर फिरत होतं आणि भावजींनी किती वेळ वाट पाहिली, ते मात्र आठवतं.