समोरचा वारा

वानखडेभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघायचे नाहीत, पंखा कुठे आहे ते बघायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हाही तसंच. मी दार उघडलं, या बसा म्हटलं, पाणी आणायला आत वळले, आणि येऊन बघते तर गृहस्थ आमची जड लाकडी खुर्ची फरफटत नेऊन टेबलफॅनच्या पुढ्यात बसलेले, जाळीला नाक लागेल इतके जवळ. मागे आमचे हे घामाघूम, त्यांच्यापर्यंत झुळूकही पोचेना. "ताई, हा याच्यापेक्षा जोरात नाई चालत का?" हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. नाव-गाव मागाहून कळलं.

तर नाव-गाव सांगते. मूळचे अकोल्याकडचे, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. हल्ली त्यांना लोको पायलट म्हणतात, पण तसं म्हटलेलं भाऊंना खपायचं नाही. "पायलट विमानाले असते. आपुन ड्रायव्हर." बदलीवर जयपूरला आले आणि इथेच रिटायर झाले. आमचा प्रताप नगरातला हाउसिंग बोर्डाचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, त्यांचा बरोबर आमच्या डोक्यावर. इथे कानावर मराठी पडायची मारामार, त्यामुळे मला त्यांचं वऱ्हाडी ऐकूनच माहेरी गेल्यासारखं व्हायचं. माझं माहेर सांगलीकडचं असलं म्हणून काय झालं. इंजिनाची खिडकी त्यांनी म्हणे जन्मात लावली नाही. मे महिन्यातली लू असो की जानेवारीतली बोचरी थंडी, तोंड बाहेर. पुढे थंडगार हवेची इंजिनं आली, बरोबरचा असिस्टंट काच लावा म्हणून कुरकुरायचा, पण हे ऐकतील तर शपथ.

असा माणूस रिटायर झाला म्हणजे घरात काय होणार, ते तुम्हीच समजा. बसले की पाय हलायचा. उभे राहिले की चालू लागायचे. मी खाली भाजी निवडत असायची आणि वर त्यांची पावलं, हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून हॉलमध्ये. त्यांच्या घरच्या, निर्मलावहिनी, त्या मला म्हणायच्या की ताई, यांच्या येरझाऱ्यांनी फरशी झिजली, पण हे झिजेनात. शेवटी भाऊंनी गिअरची सायकल घेतली. पहाट झाली की टोंक रोडनं निघायचे, सांगानेर मागे टाकून कुठे कुठे जायचे, आणि ऊन चढायच्या आत परत. आले की असे प्रसन्न असायचे की त्या दिवशी पाय हलायचासुद्धा नाही. दोन-तीन वर्षं फार चांगली गेली त्यांची.

मग डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं, समोरचं दिसेल, पण बाजूचं हळूहळू झाकत जाईल, नळीतून बघितल्यासारखं. थेंब घाला, आणि रस्त्यावर सायकल बंद. भाऊंनी हे हसण्यावारी नेलं. "बाजूचं पाहून मले काय करा लागते? सिग्नल समोर असते." थोडे दिवस गेले असतील नसतील, एका वळणावर डावीकडून भाजीचा ठेला आला आणि हे सरळ त्याच्यावर. कोपर सोलवटून आले. वर तो ठेलेवाला यांनाच म्हणाला की बाबूजी, इतना बडा ठेला नहीं दिखा? ते त्यांना लागलं, कोपरापेक्षा जास्त. पण चौथ्या दिवशी बघते तर पुन्हा सायकल बाहेर.

निर्मलावहिनी माझ्याकडे येऊन बसल्या. रडणारी बाई नव्हे ती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. म्हणाली, "ताई, यायले घरात बसवाचं तं वारा विकत आणा लागते." मला ते बोलणं नुसतं दुःखाचं वाटलं. पण ती शब्दाला शब्द खरं बोलत होती, हे पुढे कळलं.

त्यांच्या बेंगळुरूच्या मुलानं एक स्टँड पाठवलं. सायकलचं मागचं चाक त्यात स्क्रूनं आवळायचं आणि जागच्या जागी पॅडल मारायचं, त्याला ट्रेनर म्हणतात. मागच्या खोलीत जुनी गोधडी अंथरून त्यावर ते मांडलं. मला वाटलं, चला, सुटलो. पहिल्याच दिवशी भाऊ थोड्या वेळात उतरले. गोधडीवर घामाचं तळं. डोक्यावर छताचा पंखा गरगरत होता, तरी. मी म्हटलं, पंखा आहे की. तर म्हणाले, "वरून येते त्याले पाऊस म्हंतात, ताई. वारा समोरून येते." आणि मग मला समजावून सांगितलं, दोन्ही हातांनी: "रस्त्यावर आपण हवेकडे जातो. घरात हवेले आपल्याकडे बोलवा लागते."

मग ती हवा बोलवायची खटपट सुरू झाली. आमचाच टेबलफॅन वर नेला. तो मान फिरवायचा, इकडे गेला की भाऊ तापले, तिकडे आला की जरा बरं. मान बांधून टाकली, तर वारा एका गुडघ्याला लागे, छाती कोरडी नाही ती नाहीच. भिंतीवरचा छोटा पंखा आणला, तो नुसता आवाजाचा. सगळ्यात मोठा घोळ कूलरचा. अकोल्याचा माणूस आणि जयपूरचं घर, उकडलं की दुसरं सुचणार काय? टाकी भरा, जाळीतली खस भिजवा, लावा कूलर. वळवाच्या आंधीचे दिवस, धूळ येते म्हणून वहिनींनी खिडक्या घट्ट लावलेल्या. आत कूलर ओला वारा फेकतोय, बाहेर जायला त्याला वाट नाही, आणि मधे भाऊ जोरजोरात पॅडल मारतायत. आम्ही बायका दारात उभं राहून म्हणतोय, वा, कसं गारगार. गारगार आम्हाला, नुसतं उभं राहणाऱ्यांना. त्यांच्या अंगावरचा घाम वाळायलाच तयार नाही, सगळी खोली धोब्याच्या भट्टीसारखी कोंदलेली. भाऊंना गरगरलं, हँडलवरच वाकले. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पाजून आम्ही त्यांना पलंगावर घातलं. डोळे मिटूनच म्हणाले की कूलर बसलेल्या माणसासाठी असतो, चालणाऱ्यासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल पुन्हा स्टँडवरून उतरलेली. वहिनींनी चप्पल घातली, दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आधी बाजार, मग रस्ता. मलाही ओढलं.

सांगानेरच्या बाजारातला तो दुकानदार आम्हाला विसरला नसेल. भाऊ प्रत्येक पंख्यापुढे जायचे, लावायला सांगायचे, तीन पावलं मागे सरायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. दुकानदाराला वाटलं, बाबूजी काही मंत्रबिंत्र म्हणतायत. मग भाऊंनी स्टूल मागितलं, त्याच्यावर पुढे वाकून बसले, हवेतच हँडल धरलं. गिऱ्हाइकं जमली. मला लाजेनं कुठे बघू असं झालं, पण वहिनींचं लक्ष फक्त नवऱ्याच्या कपाळाकडे, आठी मोडते का. एक पंखा चांगला मोठ्या पात्यांचा होता, भाऊ म्हणाले की हा फडफडतो, ढकलत नाही. दुसरा जवळून जोरात, दोन हात मागे सरलं की वारा खाली पडलेला. दुकानदार थकला. कोपऱ्यात लग्नाच्या मांडवात लावतात तसला फर्राटा पंखा होता, लोखंडी, जड, आडदांड. भाऊंनी तो लावायला सांगितला आणि स्टूल पार दाराजवळ नेलं. पंखा सुरू झाला तसे काउंटरवरचे कागद उडाले, माझा पदर उडाला. भाऊंचा शर्ट अंगाला चिकटला आणि पाठीमागे फुगला. कपाळ सपाट.

"बाबूजी, ये शादी-ब्याह का है," दुकानदार म्हणाला. "घर में परदे नहीं टिकेंगे."

"परदे निकाल देंगे," वहिनी म्हणाल्या. त्याच म्हणाल्या.

त्यानंतर आमच्या छतावर रोज सकाळी विमान उतरायचं. आमचे हे कानातलं मशीन काढून ठेवायचे, त्यांना काही नाही. मला त्या घरघरीची अशी सवय झाली की ती सुरू झाली की मी चहा टाकायची. वर जाऊन बघावं तर मागची खिडकी सताड उघडी, परदे खरंच काढलेले, फर्राटा समोर छातीच्या उंचीला, आणि भाऊ वाकून पॅडल मारतायत. "आज फुलेरापर्यंत जातो," असं मला सांगायचे. कधी सवाई माधोपूर, त्यांच्या जुन्या गाडीच्या वाटेवरची स्टेशनं. वहिनी स्वयंपाकघरातून विचारायच्या, जेवायला पोचता ना वेळेवर? सगळं बरं चाललं होतं. म्हणजे, वीज होती तोवर.

जूनमधली गोष्ट. आंधीत कुठेतरी खांब पडला आणि आमच्या भागातली वीज गेली. पहिला दिवस भाऊंनी काढला. दुसऱ्या दिवशी सकाळीच वर पावलं सुरू झाली, हॉल, बाल्कनी, हॉल. वाराही असा पडलेला की समोरच्या निंबाचं पान हलत नव्हतं. माझ्याही जिवाची नुसती तगमग. मग पावलं मागच्या खोलीत गेली आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. स्क्रू. मी हातातलं तसंच टाकून दार उघडलं आणि जिन्याच्या वळणावर, माझ्याच दारासमोर, उभी राहिले. म्हटलं, आज आपण अडवायचं.

भाऊ सायकल हातानं धरून एकेक पायरी उतरत आले. वर वहिनी कठड्याला धरून उभ्या. मी तोंड उघडणार तोच ते माझ्या अंगावरच आले, पॅडल माझ्या नडगीवर खाडकन बसलं. मी कळवळले.

भाऊ जागच्या जागी थिजले. "कोण हाय?"

"मी आहे, भाऊ. इथेच तर उभी आहे."

त्यांनी मान वळवायला सुरुवात केली. डावीकडे, आणखी डावीकडे. मी हातभर अंतरावर, आणि ते मला शोधतायत. शेवटी सापडले. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे, तिथे रक्ताची बारीक रेघ आली होती.

"माणूस दिसला नाई मले," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे.

त्या शब्दांचं वजन मला तेव्हा कळलं नाही, वहिनींनी मागाहून सांगितलं. ड्रायव्हरच्या नोकरीत रुळांवर माणसं येतात. त्यांच्याही गाडीपुढे आली होती. हॉर्न दिला, ब्रेक मारला, पण गाडी थोडीच जागेवर थांबते. अशा दिवशी ते घरी येऊन जेवत नसत, पण एक म्हणत: आपल्याले दिसला होता, आपण जे कराचं ते केलं. दिसलाच नाही, असं सगळ्या नोकरीत एकदाही घडलं नव्हतं.

त्यांनी त्या अरुंद वळणावर सायकल फिरवली. मी मागचं चाक धरायला गेले तर मानेनंच नको म्हणाले. एकेक पायरी ती परत वर नेली.

वीज दुपारी आली. मी कान देऊन बसले. चाकाची सूं सूं ऐकू आली, पण फर्राटा नाही. बराच वेळ नाही. पन्ह्याचा तांब्या घेऊन, लंगडत, वर गेले. भाऊ पॅडल मारत होते, हनुवटीवरून घाम ठिबकत होता, समोर पंखा बंद. वहिनी दाराशी बसलेल्या. मी म्हटलं, भाऊ, वीज आलीये की, पंखा लावू?

"आज नको, ताई. वारा लागला की मले वाटते मी चाललो. आज मले कुठंच जायाचं नाई."

पन्हं मात्र प्यायले. आणि माझी नडगी दाखवायला लावून, वहिनींकडून हळद आणवून, स्वतः बसून लावली. दुसऱ्या सकाळी छतावर विमान उतरलं, आणि मी चहा टाकला. तो स्क्रू त्यांनी पुन्हा कधी सोडला नाही.

पुढच्या हिवाळ्यात समोरचंही अंधुक व्हायला लागलं. मुलगा आला आणि दोघांना बेंगळुरूला घेऊन निघाला. सामान आधीच ट्रकनं गेलं होतं. निघताना दोघं आमच्या दारात आले. वाटेसाठी मी बांधलेला डबा घेऊन वहिनी मला बिलगल्या, बाजूला झाल्या. भाऊ उंबऱ्याशी हात जोडून उभे, पण माझ्या जरा पलीकडे, चपलांच्या कपाटाकडे तोंड करून.

"ताई, बोला ना काई. आवाज आला म्हंजे मले समजते तुमी कुठं हाय."

आणि मला बोलता येईना. सगळी कॉलनी माझ्या बडबडीला हसते, भाजीवाला हात जोडतो, आणि त्या वेळी ही गत. भाऊ तसेच थांबलेले, मान किंचित तिरकी, आवाजाची वाट बघत. शेवटी जे तोंडाला आलं ते बोलले: दशम्या वरच्या डब्यात आहेत, खालच्यात चटणी, चटणी तिखट आहे, आधी दही संपवा. त्यांची मान हळूच फिरली, आणि नजर बरोबर माझ्या तोंडावर येऊन थांबली.

"हां," म्हणाले. "जय भीम, ताई."

मग मी थांबलेच नाही. त्यांच्या डाव्या अंगानं जिना उतरत, फाटकापर्यंत, गाडीचं दार लागल्यावर काचेशी वाकून, बोलतच होते. गाडी वळली तरी बोलत होते. काय बोलले, ते मात्र विचारू नका.