तक्रार नाही

कृत्रिम गुडघे बनवणं हे माझं काम. रत्नागिरीतल्या आमच्या वर्कशॉपात एक यंत्र आहे, ते दिवसभर गुडघा वाकवतं आणि सरळ करतं. माझा गुडघा त्यावर महिनोन्महिने टिकला आणि मी हवेत गेलो. यंत्राला शेतावर जायचं नसतं, हे तेव्हा सुचलं नाही.

चाचणीसाठी पहिला गुडघा दिला तो राजापूरकडच्या एका शेतकऱ्याला. मांडीपासून पाय गेल्यावर मुंबईची नोकरी सोडून गावी आलेला. माझ्याहून वयाने मोठा, तरी मला 'सायेब' म्हणायचा. गुडघा बसवताना मी त्याला दटावूनच सांगितलं, "बिघडला तर लगेच कळवा. परत न्यावा लागेल." दुरुस्त करून पुन्हा देऊ, हे बोलायचं राहूनच गेलं.

दर महिन्याला मी जायचो. "कसा चाललाय?" "एक नंबर, सायेब!" मग कोकमाचं सरबत यायचं. तिसऱ्या खेपेला तो ओटीवर बसताना लुंगी सरकली आणि गुडघ्याभोवती सायकलच्या ट्यूबचा रबर करकचून बांधलेला दिसला. त्याने घाईघाईने लुंगी ओढली. मी काय ते समजलो. जांभ्याची लाल धूळ आत जाऊन खीळ झिजली होती, चालताना गुडघा अचानक दुमडत होता, म्हणून हा जुगाड. विचारलं असतं तर चाचणी तिथेच थांबली असती, आणि पुढच्याच आठवड्यात आमचं काम बघायला पुण्याहून मंडळी येणार होती. झाकली मूठ सव्वा लाखाची! फॉर्मवर मी लिहिलं, 'तक्रार नाही'. सरबतही संपवलं.

पंधरा दिवसांनी घरापुढच्या पाखाडीच्या पायऱ्या उतरताना तो रबर तुटला. खुबा मोडला, तोही धड असलेल्या पायाचा.

इस्पितळात गेलो तर त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, आता शिव्या पडणार, आणि पडाव्यातच. पण त्याची बायको पुढे आली. तिने हात जोडले.

"ह्यांनी रबर बांधलानी होता, सायेब. तुमी गुडघा परत न्याल म्हनून आमी बोललो नाय. फसवलं आमी तुमाला. माफ करा."

'मला माहीत होतं', एवढंच म्हणायचं होतं. ती तशीच हात जोडून उभी, आणि मी मोठ्या मनाने म्हणालो, "असू दे."