दीड फुटाखालची रोपं

कुणी रोपाच्या उंचीचं कौतुक करायला लागलं, की चाची त्याच्या हातातली पिशवी काढून घ्यायच्या, उलटी धरायच्या आणि बुडाला बोट लावून म्हणायच्या, "वरचं सोड. खाली काय हाय ते सांग."

शेळगावजवळच्या रोपवाटिकेत त्या रोजावर पिशव्या भरायच्या. आम्ही झाडं लावायला बारामतीहून जायचो. हिरवे टी-शर्ट, हातात पत्रकं, तोंडात घोषणा. असली मंडळी तुम्हीही पाहिली असतील. रोप लावताना दहाजण हात लावतात, पाणी घालायला कुणी नसतं.

शेजारचा माळ हिरवा करायचं ठरलं. रस्त्याकडेला रोपवाटिकेच्या सरकारी साहेबांनी पाच फुटी गुलमोहर लावले, कारण फोटो तिथूनच निघतो. माळाच्या पार टोकाची एक ओळ चाचींनी मागून घेतली. तिकडं कॅमेरा जात नव्हता, म्हणून लगेच मिळाली.

त्या ओळीत चाचींनी रोपं लावलीच नाहीत. हिवर आणि बाभूळ या काटेरी झाडांचं बी पेरलं, तेही शेळ्यांच्या वाड्यातून वेचून आणलेलं.

"विकतचं बी का नाही घेतलं?" मी विचारलं.

"ते शेळीनं चघळलंय का? कवच टणक असतंय त्याचं. बिनचघळलेलं बी वरीसभर नुसतं पडून ऱ्हातंय."

दिवाळीनंतर गुलमोहरांना टँकर लागला. टँकर दोनदा आला, मग साहेबांची बदली आली, टँकर गेला. चाचींच्या ओळीला एक तांब्या पाणी मिळालं नाही, कारण त्या कुणाला घालूच देत नव्हत्या.

"मी पाणी दिलं, तर ती वरच बसून माझी वाट बघतील. जाऊ दे त्यांना खाली. आधी पाणी गाठायचं, मग उंचीचं बघू."

उन्हाळ्यात प्रत्येक रोपाला चार पानं, दोन काटे. उंची वीतभर.

मग आमची मोजणी आली. तिचा फॉर्म मी तयार केला होता. नियम माझाच: दीड फुटाखालचं रोप मृत समजावं. पट्टी लावली. गुलमोहरांच्या वाळक्या काठ्या पाच फुटांच्या होत्या, त्या जिवंत निघाल्या. चाचींची अख्खी ओळ मेली. अहवालावर सही करताना मला काही खटकलं नाही, हे मुद्दाम सांगतो.

अहवाल वाचून नव्या साहेबांनी जेसीबी पाठवला. मेलेली ओळ काढायची, तिथं नवे खड्डे घ्यायचे. चाची ओळीत जाऊन मांडी घालून बसल्या.

साहेब म्हणाले, "मावशी, रिपोर्ट आहे माझ्याकडे."

"मग त्या रिपोर्टालाच सांगा उपटायला. एक तरी हातानं उपटून दाखवा."

साहेबांनी ड्रायव्हरला खुणावलं. कळंबचा दणकट गडी. त्यानं एक रोप धरलं, ओढलं. काटा बोटात गेला. बोटाला फडकं गुंडाळून परत ओढलं. पानं आणि शेंडा हातात आला, बाकीचं जाग्यावर. मग त्यानं पहार घेतली. दीड हात खणलं, तरी मूळ खालीच चाललेलं, वर दिसत होतं त्याच्या तिप्पट.

ड्रायव्हर साहेबांना म्हणाला, "ह्ये मेलेलं न्हाय ओ. आपुन दमलो."

त्यानं खड्डा बुजवला आणि जेसीबी परत नेला. साहेब हसले. हसणाऱ्या साहेबांपासून सावध राहावं, हे मी पत्रकात कधी लिहिलं नव्हतं. ओळ राहिली. पुढच्या महिन्यापासून हजेरीपटावर चाचींचं नाव तेवढं नव्हतं. आम्ही निषेधाचं पत्रक काढलं. चाचींना त्याचा काय उपयोग झाला, विचारू नका.

पावसाळ्यात मी माळावर गेलो. ड्रायव्हरनं शेंडा तोडलेलं रोपसुद्धा बुंध्यातून फुटलं होतं. हे सांगायला मुद्दाम चाचींना शोधत निघालो. त्या बारामतीत बंगलेवाल्यांना झाडं पुरवणाऱ्या एका नर्सरीत सापडल्या, शोभेच्या पामच्या पिशव्या भरत होत्या. शेंडा तुटलेलं रोप पुन्हा फुटल्याचं मी धावत आल्यासारखं सांगितलं.

त्यांनी मान वर केली नाही. "काटा आलाय का त्याला?"

"पाहिलं नाही चाची. पानं आहेत."

"काट्याबिगर शेळी ठेवंल व्हय त्याला? मग काय बघून आलास?" असं म्हणून त्यांनी पुढची पिशवी ओढली आणि बोटांनी माती दाबू लागल्या.