कोयनेची क्लॅरिनेट

पाचगणीच्या घरी अंगणात उन्हाला बसले होते, तेव्हा मलकापूरहून भागवतरावांचा फोन आला. "आवं म्याडम, आपला सुधा गेला. चहा घेतला आन् खुर्चीतच..." या गोष्टीला आता काही आठवडे झाले. सुधाकर सोनवले या संगीतकाराचं काम त्यांच्याच जिल्ह्यात फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून हे लिहिते आहे.

सुधाकर मूळचे कराडजवळच्या मलकापूरचे. घरची बँडपार्टी होती. वडील ट्रम्पेट वाजवत, सुधाकरांच्या बरोबरीचे चुलतभाऊ भागवतराव क्लॅरिनेट. सुधाकर लष्कराच्या बँडमध्ये भरती झाले. तिथे ते पाश्चात्त्य स्वरलिपी शिकले आणि वाद्यवृंदासमोर उभं राहून तो चालवायलाही शिकले. निवृत्त झाल्यावर पाचगणीच्या एका निवासी शाळेत संगीत शिकवायला आले. मी तिथे भूगोल शिकवत असे. स्टाफरूममध्ये हा माणूस डोळे मिटून हवेत बोटं हलवत बसायचा. एकदा मी विचारलं, "काय चाललंय, सर?" डोळे न उघडता म्हणाले, "व्हायोलिनवाले उशिरा येतायत."

त्याच काळात त्यांनी 'दोन नद्या' ही रचना केली. कृष्णा म्हणजे व्हायोलिनचा मोठा ताफा, कोयना म्हणजे एकटी क्लॅरिनेट. कराडला त्या समोरासमोर येऊन मिळतात, तशाच शेवटी मिळायच्या. कोयनेचे सूर भागवतरावांच्या वाजवण्यातूनच आले होते. सुट्टीत मलकापूरला जाऊन सुधाकर एखादी ओळ गुणगुणायचे, भागवतराव ती आपल्या पद्धतीने वाजवायचे, आणि हे लिहून घ्यायचे.

मुंबईच्या एका वाद्यवृंदाला ती रचना आवडली. संचालन सुधाकरांनीच करायचं होतं. अट एवढीच, की प्रत्येक वादकाला स्वरलिपी वाचता यायला हवी. भागवतरावांना ती येत नव्हती. सुधाकरांनी अट मान्य केली, आणि कोयना मुंबईच्याच एका वादकाकडे गेली. "नाही म्हणाला असतात तर?" असं मी पुढे विचारलं होतं. "तर ती कागदावरच राहिली असती," ते म्हणाले. आवाजात पश्चात्ताप नव्हता, समाधानही नव्हतं.

कार्यक्रम उत्तम झाला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. परतल्यावर सुधाकर थेट मलकापूरला गेले. भागवतरावांनी एवढंच विचारलं, "कसं वाजिवलं रं त्यानं?"

"चांगलं. तुझ्यापेक्षा साफ."

खोटं बोलले असते तर कदाचित निभावलं असतं... भागवतरावांनी बोलणं टाकलं, ते कित्येक वर्षं.

भागवतरावांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मात्र आली, बहुधा रीत म्हणून. सुधाकर मला सोबत घेऊन गेले. वरातीच्या वेळी पाहते तर हे बँडचा लाल कोट चढवून, गळ्यात मोठा ड्रम अडकवून रांगेत उभे! कोट पोटावर बसत नव्हता. त्या दिवशी बँड भागवतरावांच्या इशाऱ्यावर चालला होता. स्टँडपर्यंत आल्यावर भागवतरावांनी तोंडातली क्लॅरिनेट काढली आणि मागे वळून म्हणाले, "लय घाई करतूस गड्या. जरा दमानं."

"व्हय," सुधाकर म्हणाले आणि लय उतरवली.

पुढे दर रविवारी शाळेतली व्हायोलिनची मुलं आणि मलकापूरचे बँडवाले एकत्र तालीम करू लागले. कराडच्या घाटावर 'दोन नद्या' पुन्हा झाली. माइक मध्येच बंद पडला, ऐकायला माणसं बेताचीच होती. भागवतरावांची कोयना काही ठिकाणी मुंबईपेक्षा खडबडीत वाजली, हे मला कळलं. सुधाकरांनाही कळलं असणारच. ते बोलले नाहीत.

परवा मलकापूरच्या समाजमंदिरात शोकसभा झाली. भाषणं संपल्यावर सगळे वाजवायला बसले. "हात कोन करनार?" भागवतरावांनी विचारलं. कुणी उठलं नाही. संचालकाची जागा मोकळीच राहिली.

सुधाकरांची एक सवय होती. पहिल्या मात्रेआधी ते नाकाने मोठा श्वास ओढायचे, अगदी शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल असा. लष्करात त्यावरून बोलणी खाल्ली, पण सवय गेली नाही. त्या दिवशी कुणीच खूण केली नाही. भागवतरावांनी क्लॅरिनेट ओठांना लावली, मुलांनी व्हायोलिनचे बो उचलले, आणि सगळ्यांनी एकदम तसाच श्वास ओढला... मोठा, नाकाने. मग कृष्णा सुरू झाली.