अण्णांनी गाळलेलं वाक्य

दर रविवारी साडेदहाच्या सुमाराला पाळक बायबल मिटून विचारायचे, “कोणाची साक्ष आहे का?” आणि मी आईच्या पाठीमागे सरकायचे. कारण साक्ष असायची ती आमच्याच अण्णांची.

आमची मंडळी, म्हणजे आमची रविवारची उपासना, भरायची कोपरखैरण्यात, एका किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत. पंचवीस-तीस माणसं, चटया, एक ढोलकी आणि एक कर्कश माइक. त्या खोलीत कोणी शिंकलं तरी सगळ्यांना ऐकू जायचं, पण माइक लागायचाच. देवाला जरा कमी ऐकू येतं, असा सगळ्यांचा समज असावा.

अण्णा मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात पोती उचलायचे. दारू भरपूर प्यायचे. मग एका सोबत्याच्या नादाने प्रार्थनेला गेले, दारू सुटली आणि आमचं अख्खं घर ख्रिस्ती झालं. शेजारीपाजारी आम्हाला ‘आमेनवाले’ म्हणू लागले. त्याचं मला काही वाटत नव्हतं. आईच्या जिवाला स्वस्थता मिळाली होती, तेवढ्यासाठी मी जन्मभर आमेन म्हणायला तयार होते. नडत होती ती फक्त साक्ष.

साक्ष म्हणजे आपण आधी किती वाईट होतो आणि प्रभूने आपल्याला कसं बदललं, हे चारचौघांत उभं राहून सांगायचं. अण्णांची साक्ष ठरलेली. मी नववीत असताना ते शाळेच्या गॅदरिंगला पिऊन आले होते. आमचं समूहगीत चालू होतं. अण्णा सरळ स्टेजवर चढले आणि ओरडले, “ही माजी लेक हाय! हिला पुढं उबी करा!” पहिल्यांदा हे सांगताना ते ढसाढसा रडले होते. दहाव्यांदा सांगेपर्यंत त्यात तिखटमीठ पडलं. झोकांडी कशी गेली, पडदा कसा हातात आला, हे ते करून दाखवायचे आणि मंडळी पोट धरून हसायची. मग अण्णा माझ्याकडे बोट करायचे, “हीच ती लेक.” सगळ्या माना वळायच्या. मी चटईच्या काड्या मोजत बसायचे.

पण खरं सांगायचं तर मला त्या हसण्याची भीती नव्हती. अण्णा जिथे थांबायचे, त्याच्या पुढचं वाक्य मला माहीत होतं. त्या दिवशी बाई धावत स्टेजवर आल्या आणि म्हणाल्या, “कोण गं हे? तुझे वडील का?” मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, “नाही बाई. मी ओळखत नाही यांना.” अण्णा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. ते गपचूप खाली उतरले आणि निघून गेले. त्यांनी ते ऐकलं का, हे मला कळलं नाही. घरी तो विषय कधी निघालाच नाही.

पुढे मंडळीत येशूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट ऐकली. कोंबडा आरवायच्या आत तो तीनदा म्हणाला, मी येशूला ओळखत नाही. मला एकदाच पुरलं होतं.

आज अण्णा ते वाक्य बोलणार, या धास्तीने मी प्रत्येक रविवारी जीव मुठीत धरून बसायचे. एकदा म्हटलं, अंगात कणकण आहे, मी घरीच थांबते. अण्णा लगेच म्हणाले, “मग मीबी ऱ्हातो.” आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने वेणी घालायला घेतली. अण्णांचा एक रविवार चुकला की दुसरा गुत्त्यात जाईल, अशी तिला कायम भीती. इकडे आड, तिकडे विहीर.

मी बारावीत असताना नाताळाच्या आधी मैदानावर मोठी सभा झाली. परगावचे वक्ते, काळा कोट, सोबत कीबोर्डवाला. घराघरात नुकती केबल आली होती, आणि हे गृहस्थ हातात माइक घेऊन टीव्हीवरच्यासारखेच स्टेजभर फिरत होते. अण्णांनी साक्ष दिली. मैदान हसलं. मग वक्ते म्हणाले, “ती मुलगी कुठे आहे? ये बेटी, वर ये.” समोर माझ्या कॉलेजातल्या दोघी उभ्या होत्या. माइक माझ्या हनुवटीखाली आला. “पप्पांना माफ केलंस का?”

मला भयंकर संताप आला. मी माफ करायचं होतं की माफी मागायची होती? आणि तेही या कोटवाल्यासमोर? मी माफ केलं नव्हतं आणि माफी मागितलीही नव्हती. “हो,” मी म्हणाले. हालेलुयाचा गजर झाला, कीबोर्ड सुरू झाला.

मी आजही श्रद्धावंत आहे, उपासनेला जाते. पण माइक पुढे करून क्षमा वसूल करणाऱ्यांची मला तेव्हापासून चीड आहे. लोकांना शेवट गोड हवा असतो, आणि तोही बस चुकायच्या आत.

परत येताना आई बायकांबरोबर पुढे गेली होती. अण्णा माझ्या बाजूने चालत होते.

“खोटं बोललीस न्हवं?” ते म्हणाले.

“हो.” मग मलाही धीर आला. “अण्णा, गॅदरिंगला मी बाईंना काय म्हटलं, ते तुम्ही ऐकलं होतं?”

“आयकलं हुतं की.”

“मग साक्षीत कधी का नाही सांगितलंत?”

अण्णा थांबले. “आगं, ती माजी साक्ष न्हाय,” ते म्हणाले. “तुजी हाय.”

पुढच्या रविवारी पाळकांनी विचारलं, “कोणाची साक्ष आहे का?” अण्णा मांडी घालून तसेच बसून राहिले. सगळे आमच्याकडे बघत होते. मला उठता आलं नाही.